जुना तांदूळ, जुना चहा

किराणा दुकानात गिऱ्हाइकांचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं तर एक विसंगती जाणवते. छत्रपती संभाजीनगरमध्ये (औरंगाबाद) जुन्या मोंढ्यात किंवा गुलमंडीवर तांदूळ घेणारा हमखास विचारतो, “जुना आहे ना?” दुकानदारही “वर्षाचा जुना आहे, भात फडफडीत होईल” असं सांगून किलोमागे थोडे पैसे जास्त मागतो, आणि गिऱ्हाईक ते देतं. बिर्याणी करणारे आचारी तर जुन्याशिवाय दुसऱ्या तांदळाला हात लावत नाहीत. तोच माणूस चहापत्तीचा पुडा घेताना मात्र त्यावरची तारीख बघतो. आणि बाजरीचं पीठ? ते आठ दिवसांपूर्वीचं असलं तरी घरात कुणी त्याची भाकरी आवडीनं खात नाही.

म्हणजे एका वस्तूचं जुनेपण हा तिचा गुण, दुसरीचं जुनेपण हा दोष. ‘जुनं ते सोनं’ ही म्हण अर्ध्या दुकानालाच लागू पडते. गोंधळ इथेच संपत नाही. तैवानमध्ये आणि चीनच्या फुजियान प्रांतात ऊलाँग नावाचा चहा होतो. हा चहा काही जण मुद्दाम वीस-तीस वर्षं मडक्यांत नाहीतर डब्यांत सांभाळून ठेवतात. असा चांगला राखलेला जुना ऊलाँग नव्यापेक्षा बराच महाग विकला जातो. मग आपल्या डब्यातली चहापत्ती एका पावसाळ्यात मळमळीत का होते? दोन्ही एकाच झाडाची पानं ना?

‘जुनं होणं’ ही एकच क्रिया आहे असं आपण धरून चालतो, म्हणून हा गोंधळ होतो. प्रत्यक्षात पदार्थ नुसता पडून असला तरी त्यात अनेक क्रिया सावकाश चालू असतात. काही द्रव्यं उडून जातात, काही तुटतात, काही एकमेकांना जोडली जातात. आपल्याला त्या पदार्थातून काय हवं आहे, यावर त्या बदलाला ‘मुरणं’ म्हणायचं की ‘शिळं होणं’ हे ठरतं. तांदूळ आणि चहा या दोन उदाहरणांवरून हे पाहू या.

नव्या तांदळाचा भात चिकट का?

मराठवाडा हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. इथला तांदूळ बहुतांशी बाहेरून येतो, म्हणजे भंडारा-गोंदियाकडून, कोकण-मावळातून, शिवाय उत्तरेकडून बासमती. खरिपाची साळ दिवाळीच्या आगेमागे कापली जाते. कापणीच्या वेळी दाण्यात शेकडा वीसच्या आसपास पाणी असतं. साळ वाळवून ते चौदाच्या खाली आणलं की धान्य साठवण्याजोगं होतं. अशा नव्या तांदळाचा भात मऊ आणि चिकट होतो, शितं एकमेकांना धरून बसतात. तोच तांदूळ काही महिने ठेवला की भात मोकळा होऊ लागतो. या बदलाचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच घडतो. उष्ण हवेत तो लवकर होतो आणि शीतपेटीत ठेवलेल्या तांदळात फार सावकाश.

सडलेल्या तांदळात सुमारे ७८ ते ८० टक्के स्टार्च, ७ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, एक टक्क्याहून कमी मेद आणि उरलेलं मुख्यतः पाणी असतं. भात शिजतो म्हणजे स्टार्चचे कण गरम पाणी शोषून फुगतात. कण फार फुगले की फुटतात, त्यांतला स्टार्च बाहेर पडून पाण्यात मिसळतो आणि खळीसारखा चिकट थर शितांवर बसतो. नव्या तांदळात हे सहज घडतं. जुन्या तांदळाचा दाणा पाणी जास्त घेतो, लांबतो, फुगतो, पण फुटत नाही, आणि त्याच्या पाण्यात स्टार्च कमी उतरतो.

गंमत अशी की तांदळातल्या स्टार्चचं एकूण प्रमाण या काळात जवळपास तेवढंच राहतं. बदल होतो तो मुख्यतः स्टार्चच्या शेजाऱ्यांमध्ये, म्हणजे प्रथिनं आणि मेद यांच्यात. प्रमाणानं दोन्ही थोडी, पण परिणामानं मोठी.

गंधकाचे पूल

तांदळातल्या मुख्य प्रथिनाला ओरायझेनिन म्हणतात. त्याच्या लांब साखळ्यांवर ठिकठिकाणी गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी लोंबत असते. हवेतला ऑक्सिजन दाण्यात हळूहळू शिरतो आणि अशा दोन जोड्यांमधला हायड्रोजन काढून घेतो. मागे राहिलेले दोन गंधकाचे अणू एकमेकांना धरतात. दोन साखळ्यांमध्ये जणू एक पूल बांधला जातो. आपल्या केसांतही असेच पूल असतात. केस कुरळे करण्याच्या दुकानात रसायन लावून आधी हे पूल तोडतात, केस हव्या त्या आकारात गुंडाळतात आणि मग पूल पुन्हा बांधतात.

तांदळात महिन्यागणिक असे पूल वाढत जातात आणि स्टार्चच्या कणांभोवती प्रथिनांचं घट्ट जाळं तयार होतं. भात शिजताना कण फुगतो, पण हे जाळं त्याला फुटू देत नाही. दाण्यातल्या पेशींच्या भिंतीही जुन्या तांदळात अधिक टणक झालेल्या असतात. हा नुसता तर्क नाही. जुन्या तांदळाच्या पिठात गंधकाचे पूल तोडणारी रसायनं घालून तपासलं तेव्हा त्याची शिजण्याची तऱ्हा पुष्कळ अंशी नव्या तांदळासारखी झाली. पूल तोडले की जुनेपण काही प्रमाणात मागे फिरतं.

मेद: इथे गुण, तिथे दोष

आता मेद. मेदाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन शेपट्या. धान्यात लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते या शेपट्या सोडवतं. तांदळात सुटलेली मेदाम्लं कुठे जातात? स्टार्चचा अमायलोज नावाचा जो भाग असतो, त्याची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते. त्या मळसूत्राच्या पोकळीत मेदाम्लाची शेपटी नेमकी बसते. शेपटी बसली की ते मळसूत्र पाण्यात सहज विरघळत नाही, साहजिकच भाताच्या पाण्यात स्टार्च कमी उतरतो.

ही पोकळी आपल्या ओळखीची आहे. स्टार्चवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो, तो आयोडीन याच पोकळीत जाऊन बसतं म्हणून. सातवीच्या वर्गात करून दाखवतो तो प्रयोग आणि फडफडीत भात यांचं मूळ असं एका जागी सापडतं.

पण हीच क्रिया बाजरीत झाली की काय होतं पाहा. बाजरीत मेदाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सडलेल्या तांदळाच्या कितीतरी पट. अख्ख्या दाण्यात मेद आणि लायपेज वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, त्यामुळे बाजरी महिनोन्‌महिने टिकते. जात्यात किंवा गिरणीत दाणा फुटला की दोघांची गाठ पडते. मेदाम्लं भराभर सुटतात, त्यांतल्या काहींवर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होते आणि पीठ काही दिवसांतच खवट, कडू लागतं. हातसडीच्या तांदळावर मेदानं भरलेला कोंडा असतो, म्हणून तोही पांढऱ्या तांदळापेक्षा लवकर खवट होतो. व्यापारी तांदूळ जुना करायचा झाला तर पुष्कळदा साळीच्या रूपात ठेवतात, त्यामागे हेही कारण आहे. तूस शाबूत असेपर्यंत कप्पे शाबूत राहतात.

सारांश, लायपेज तेच आणि तुटणारा बंधही तोच. मेद थोडा असला तर मोकळा भात मिळतो, भरपूर असला तर कडू भाकरी.

सुवासाचा हिशेब

तांदूळ जुना होताना फायदाच फायदा होतो असंही नाही. आंबेमोहोर आणि बासमती यांच्या सुवासाचं एक प्रमुख कारण म्हणजे २-अॅसिटाइल-१-पायरोलीन हे संयुग. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुवासिक तांदळातून ओळखून काढलं. अगदी अल्प प्रमाणात असूनही नाकाला ते जाणवतं. पण ते उडून जाणारं आहे, त्यामुळे साठवणीत त्याचं प्रमाण घटत जातं. उलट मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणातून हेक्झानलसारखी द्रव्यं तयार होतात आणि फार जुन्या तांदळाला येतो तो कोंदट वास त्यांच्यामुळे येतो.

म्हणून जुना तांदूळ ‘चांगला’ आणि नवा ‘वाईट’ असं म्हणता येत नाही. बिर्याणीला शीत वेगळं हवं, तिथे जुना तांदूळ. उकडीच्या मोदकाची पारी वळताना चिरता कामा नये, म्हणून पिठीला नवा, चिकट, वासाचा तांदूळ. आजाऱ्याच्या पेजेला दाट पाणी हवं, तिथेही नवाच सोयीचा. चिकटपणा हा गुणधर्म एकच. एका स्वयंपाकघरात तो दोष ठरतो, दुसऱ्यात गुण.

शाळेत पोषण आहार शिजवून घेणाऱ्या शिक्षकांना यातली एक गोष्ट रोजच्या उपयोगाची आहे. तांदळाची नवी खेप आली आणि नेहमीच्या मापानं पाणी घातलं तर कधी भाताचा गिचका होतो, कधी शितं कच्ची राहतात. दोष दर वेळी स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा नसतो. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. नव्या खेपेतला मूठभर तांदूळ आधी शिजवून पाहिला तर माप ठरवता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे जुना तांदूळ ‘भाताला वाढतो’ असं दुकानदार सांगतात ते खरं आहे, पण ती वाढ पाण्याची असते. पातेलं जास्त भरतं, पोषण तेवढंच राहतं.

आपल्या डब्यातली चहापत्ती

आता चहाकडे वळू. चहाच्या कोवळ्या पानात कॅटेचिन नावाच्या तुरट द्रव्यांचा मोठा साठा असतो. पान चुरगळलं की पेशी फुटतात, पानातलं विकर आणि हवेतला ऑक्सिजन मिळून कॅटेचिनांचं रूपांतर करतात आणि हिरवं पान तांबूस-काळं होतं. आपण पितो त्या चहात ही क्रिया शेवटपर्यंत जाऊ देतात. सीटीसी म्हणजे पान चिरडून, फाडून, वळून दाणेदार करण्याची पद्धत. ती १९३०च्या सुमारास आसाममध्ये निघाली. बारीक दाण्यांमुळे चहा पटकन उतरतो, रंग गडद येतो, दूध-साखर घालून उकळायला तो उत्तम.

पण बारीक दाणा म्हणजे हवेला उघडा पृष्ठभाग जास्त. खडीसाखरेचा खडा आणि तिची पूड यांत जो फरक, तोच इथे. कारखान्यातून निघताना चहात पाणी सुमारे तीन टक्के असतं. डब्याचं झाकण सैल असलं तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते वाढत जातं आणि सहा-सात टक्क्यांच्या पुढे गेलं की चहा झपाट्यानं उतरतो. चहाला तरतरी आणि झळाळी देणारी थिआफ्लेविन ही द्रव्यं कमी होतात, सुवास उडून जातो. शिवाय कोरडा चहा शेजारच्या मसाल्यांचा वास ओढून घेतो. जे उत्तम होतं ते कारखान्यातच तयार झालेलं असतं. पुढे साठवणीत मिळवण्याजोगं थोडंच उरतं, गमावण्याजोगं मात्र पुष्कळ असतं. म्हणून आपला चहा ताजाच बरा.

ऊलाँगची गोष्ट वेगळी का?

ऊलाँग हा हिरवा चहा आणि काळा चहा यांच्या मधला. पानं उन्हात आणि मग सावलीत कोमेजवतात, टोपल्यांत हलकेच उसळवतात. त्यामुळे पानाच्या कडा खरचटतात आणि क्रिया तिथून सुरू होते. ती अर्ध्या वाटेवर असतानाच पानं गरम कढईत किंवा फिरत्या पिंपात तापवून विकरं निकामी करतात. मग पानं वळतात. तैवानमध्ये पुष्कळदा कापडात बांधून, दाबून त्यांच्या घट्ट गोळ्या करतात. शेवटी मंद आंचेवर भाजतात.

यातून तीन गोष्टी साधतात. अख्खं पान घट्ट वळलेलं असल्यामुळे हवेला उघडा पृष्ठभाग कमी राहतो. विकरं निकामी झालेली असल्यामुळे पुढचे बदल फार सावकाश होतात. आणि क्रिया मध्येच थांबवल्यामुळे कॅटेचिनांचा मोठा साठा शिल्लक राहतो. म्हणजे पुढे वर्षानुवर्षं बदलू शकेल असा कच्चा माल पानात असतो. सीटीसी चहात नेमका हाच उरलेला नसतो.

आता या साठ्याचं काय होतं ते पाहा. कॅटेचिनांपैकी सर्वांत जास्त प्रमाणात असणाऱ्या कॅटेचिनच्या रेणूला गॅलिक आम्लाचा एक तुकडा जोडलेला असतो. तुरटपणात या जोडीचा मोठा वाटा असतो. अशी द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. कच्च्या सुपारीचा किंवा आवळ्याचा अनुभव आठवा. साठवणीत आणि भाजण्यात हा जोड हळूहळू तुटतो, गॅलिक आम्ल सुटं होतं आणि तुरटपणा मवाळ होतो. तैवानमधल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या ऊलाँगमध्ये गॅलिक आम्लाचा मोठा साठा आढळला. शिवाय नव्या चहात सुट्या रूपात न मिळालेली मिरिसेटिन, क्वेरसेटिन आणि केम्फेरॉल ही द्रव्यंही सापडली. नव्या पानात ती साखरेच्या रेणूंना बांधलेली असतात, जुन्यात ती गाठ सुटते.

दुसरीकडे काही द्रव्यं जोडली जातात. चहातलं थिआनिन हे अमिनो आम्ल साखरेबरोबर आणि कॅटेचिनांबरोबर सावकाश संयोग पावतं. भाकरी भाजताना तिच्यावर तांबूस डाग पडतात आणि खमंग वास सुटतो. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली ती क्रिया इथेही होते, भाजताना भरभर आणि नंतर अतिशय मंद. नव्या ऊलाँगचा फुलांसारखा वास उडून जातो आणि त्याच्या जागी जुनं लाकूड, वाळवलेलं आलुबुखार यांची आठवण देणारा वास येतो. पाण्याला गडद तांबूस रंग चढतो. कॅफीन मात्र टिकाऊ, ते जवळपास होतं तेवढंच राहतं.

जुन्या तांदळाशी याचं साम्य आहे. दोन्हीकडे ताजा सुवास गमावला जातो आणि दुसरं काही मिळतं. तांदळात मिळतो तो पोत, चहात मवाळपणा आणि वेगळा वास. ज्याला फुलांचा वासच हवा आहे त्याच्यासाठी तीस वर्षांचा ऊलाँग हा तोट्याचाच सौदा.

मुरणं आणि कुजणं यांच्यातली रेघ

या दोन्ही गोष्टी एका अटीवर घडतात. ती अट म्हणजे कोरडेपणा. तैवानमध्ये जुना चहा सांभाळणारे काही जण दर काही वर्षांनी तो पुन्हा मंद आंचेवर भाजतात. त्यामुळे पानात शिरलेला ओलावा निघून जातो. ज्यानं ही काळजी घेतली नाही त्याच्या डब्यात जुना चहा नसतो, आंबूस चहा असतो. बाजारात आंबूस चहाही ‘जुना’ म्हणून खपवतात आणि नवा चहा करपेपर्यंत भाजून त्यालाही ‘जुना’ म्हणतात. वय विकलं जाऊ लागलं की खोटं वयही विकलं जातं. तांदळाचंही तेच आहे. पोत्यावरचं ‘जुना’ हे लेबल कुणीही लावू शकतं, शितावरून भाताची परीक्षा करणं आपल्या हातात आहे.

कोरडेपणा आणि हवाबंदी यांचं महत्त्व आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं. सोलापूर-मंगळवेढ्याकडे आणि मराठवाड्यातल्या गावांत ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवत. पेव बंद केलं की आतलं धान्य आणि किडे मिळून ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड मरते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, आधी हवा खेळू द्यावी आणि दिवा सोडून बघावा, तो विझला तर माणसानं उतरू नये, हा नियम त्यातूनच आला. तो न पाळल्यानं माणसं गुदमरून दगावली आहेत. पेवाला ओल लागली तर वरचं आणि कडेचं धान्य काळं पडतं, हेही शेतकऱ्यांना माहीत होतं.

ओल्या धान्यात बुरशी वाढते आणि अॅस्परजिलस फ्लेव्हससारख्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा नाश करणारं विष तयार होतं. नेहमीच्या शिजवण्यानं ते नाहीसं होत नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल जिल्ह्यांतल्या आदिवासी खेड्यांत पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन शेकडो माणसांना कावीळ झाली आणि शंभराहून अधिक दगावली. त्यांच्याकडे खायला दुसरं धान्य नव्हतं. जुनं धान्य आणि बुरसलेलं धान्य यांतला फरक हा निव्वळ चवीचा मामला नाही. शाळेच्या धान्यकोठीत पोती भिंतीला टेकून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवणं, कुबट वासाचं पोतं बाजूला काढणं, हे यासाठीच.

वर्गात करून पाहा

प्रयोग १. एकाच जातीचा जुना आणि नवा तांदूळ दुकानदाराकडून मागून आणा. नवा तांदूळ डिसेंबर-जानेवारीत सहज मिळतो. प्रत्येकी १० ग्रॅम अख्खे दाणे घ्या आणि एकेकदाच धुवा. दोन सारख्या चंचुपात्रांत प्रत्येकी १५० मिलिलिटर पाणी उकळा, त्यात तांदूळ टाका आणि दोन्ही १५ मिनिटं शिजवा. मग भात वेळून पाणी वेगळं करा. भाताचं वजन करा. प्रत्येकातली दहा शितं ओळीनं लावून त्यांची लांबी मोजा. वेळलेलं पाणी आटून कमी-जास्त झालं असेल, म्हणून ते दोन्हीकडे साधं पाणी घालून १५० मिलिलिटर करा आणि थंड होऊ द्या. त्याचे दहा-दहा थेंब दोन परीक्षानळ्यांत घ्या, त्यात सारखंच पाणी घाला आणि आयोडीनच्या सौम्य द्रावणाचा एकेक थेंब टाका. कोणता निळा रंग गडद आहे? त्यावरून स्टार्च कुठे जास्त उतरला ते सांगा. आयोडीन घातलेलं काहीही चाखू नका.

प्रयोग २. पावसाळ्यात एकाच पुड्यातली चहापत्ती २० ग्रॅमच्या तीन वाट्यांत विभागा. पहिला भाग घट्ट झाकणाच्या बरणीत, दुसरा उघड्या बशीत, तिसरा अशा बरणीत जिच्या झाकणाला आतून ओला कापूस बांधला आहे. दर आठवड्याला वजन करून आलेख काढा. वाढलेलं वजन म्हणजे शोषलेलं पाणी. तीन आठवड्यांनी पहिल्या दोन भागांचा कोरा चहा करून रंग आणि वास ताडून पाहा. तिसऱ्या भागावर बुरशी आली का ते भिंगातून पाहा, पण तो पिऊ नका.

प्रयोग ३. जुन्या-नव्यातला फरक जिभेला खरोखर कळतो की नुसतं ‘जुना’ हे नाव ऐकून आपल्याला भात आवडतो? यासाठी एक साधी परीक्षा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वाट्या द्या, दोनांत एक भात आणि तिसरीत दुसरा. कोणती वाटी वेगळी ते डोळे मिटून ओळखायला सांगा. वाट्यांचा क्रम दर वेळी बदला. निव्वळ अंदाजानं उत्तर बरोबर येण्याची शक्यता तिनात एक, म्हणजे दहांपैकी तिघे-चौघे न चाखताही बरोबर येतील. पण दहांपैकी सात किंवा अधिक जण बरोबर आले तर? नुसत्या अंदाजानं असं घडण्याची शक्यता शंभरात सुमारे दोन आहे. तेव्हा फरक खरा आहे असं मानायला हरकत नाही. ही संख्या कशी आली, ते अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी संभाव्यतेचं सूत्र वापरून काढून पाहावं. लक्षात घ्या, या परीक्षेतून ‘फरक आहे’ एवढंच कळतं. कोणता ‘चांगला’ हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकाच्या ताटावर अवलंबून आहे.

जुनेपणाचा बडेजाव पुष्कळ ठिकाणी असतो, मग तो चहा असो, तांदूळ असो, औषध असो की विचार. अशा वेळी विद्यार्थ्यांनी चार साधे प्रश्न विचारावेत. यातून काय उडून गेलं? काय तुटलं? नवं काय जोडलं गेलं? आणि मला यातून नेमकं काय हवं होतं? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं प्रयोगशाळेत मिळतात, चौथ्याचं ज्यानं त्यानं शोधायचं. चारही उत्तरं हाती आली की मग ते जुनं सोनं आहे की नाही हे ठरवता येईल.